उपवास आणि आतडे : बाल व प्रौढ प्राण्यांतील काही फरक

प्राणी उपाशी राहिला म्हणजे त्याच्या शरीरातील कोणता भाग सर्वांत आधी झिजतो, असे कोणास विचारले तर तो बहुधा चरबीचे, नाहीतर स्नायूंचे नाव घेईल. चरबीच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. प्रथिनांच्या बाबतीत मात्र ते तितकेसे बरोबर नाही. ॲडिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली रॅट जातीच्या पांढऱ्या उंदरांना सात दिवस उपाशी ठेवून निरनिराळ्या अवयवांतील प्रथिन मोजले. यकृताने आपल्या प्रथिनांपैकी सुमारे ४० टक्के गमावले होते, जठर व आतडी मिळून २८ टक्के, मूत्रपिंडांनी २०, हृदयाने १८. स्नायू, त्वचा व अस्थी मिळून घट केवळ ८ टक्क्यांच्या आसपास होती आणि मेंदूची तर ५ टक्क्यांच्याच घरात. एकूण वजनाचा विचार केला तर स्नायूंचा साठा मोठा असल्यामुळे त्यांतून निघालेले प्रथिन अधिक भरते, हे खरे. परंतु प्रत्येक अवयवाच्या स्वतःच्या भांडवलाशी तुलना केली असता यकृताच्या खालोखाल तूट सोसणाऱ्यांत आतड्याची गणना करावी लागते. अन्न आत घेण्याचे जे इंद्रिय, तेच उपासमारीत लवकर क्षीण व्हावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिची कारणे कोणती, आणि दूध पिणाऱ्या पिलात व पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यात ही झीज सारखीच होते काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. येथे उपवास हा शब्द शरीरक्रियाविज्ञानातील अर्थाने घेतला आहे. म्हणजे पाणी हवे तितके, अन्न मुळीच नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी व रताळ्याचा कीस यांनी साजरा होणारा आपल्या घरातील उपवास आतड्याच्या दृष्टीने उपवासच नव्हे. ते त्या दिवशी नित्यापेक्षा थोडे अधिकच काम करीत असावे.

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांच्या टोकांसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात व त्यांच्या बुडाशी खोलगट गर्तिका असतात. गर्तिकांमध्ये अधिस्तराच्या नव्या पेशी सतत जन्मास येतात, तेथून त्या रसांकुराच्या कडेने वर सरकतात, वाटेत प्रौढ होऊन पचनाची व शोषणाची साधने धारण करतात आणि टोकाशी पोचल्यावर गळून पडतात. लब्लाँ व स्टीव्हन्स यांनी १९४८ साली दाखवून दिले की, रॅटच्या लहान आतड्याचे हे अस्तर सुमारे दीड दिवसात नवे होते. शरीरात इतक्या वेगाने नूतनीकरण होणारी ऊतके फार थोडी आहेत. ज्या घराच्या भिंती दर दीड दिवसाने पुन्हा बांधाव्या लागतात, त्या घराला विटांचा पुरवठा थांबला तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. ब्राउन, लेव्हिन व लिपकिन यांनी १९६३ साली माऊस जातीच्या छोट्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांत उपवासामुळे गर्तिकांतील पेशींची निर्मिती आणि त्यांची वर सरकण्याची गती ही दोन्ही मंदावल्याचे आढळले. रसांकुर आखूड होतात, गर्तिका उथळ होतात, आतड्याची भिंत पातळ होते. स्नायूंचा थरही रोडावतो, पण श्लेष्मल अस्तराइतक्या लवकर नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. आतड्याच्या पेशी आपले पोषण दोन्ही बाजूंनी घेतात : एका बाजूने रक्तातून आणि दुसऱ्या बाजूने थेट आतड्यातून जाणाऱ्या अन्नातून. शरीरातील इतर अवयवांना रक्ताने आणून दिलेल्यावरच निर्वाह करावा लागतो. विंडम्युलर व स्पेथ यांनी १९७४ साली रॅटच्या आतड्याचा अभ्यास करून असे दाखविले की, ते रक्तातील ग्लुटामीन हे अमिनो अम्ल मोठ्या प्रमाणात उचलून इंधन म्हणून वापरते. तरीही रक्ताचा पुरवठा एकटा पुरेसा पडत नाही. याचा निर्णायक पुरावा शिरेतून पोषण देण्याच्या पद्धतीने मिळाला. ड्युड्रिक व सहकाऱ्यांनी १९६८ साली बीगल जातीच्या कुत्र्यांच्या पिलांना केवळ शिरेतून अन्न देऊन वाढविता येते हे सिद्ध केले होते. पुढे लेव्हिन आदींनी १९७४ मध्ये रॅटच्या दोन गटांना तेच पोषण, एका गटास तोंडावाटे व दुसऱ्यास शिरेतून, दिले. शिरेतून पोसलेल्या उंदरांची शरीरे उपाशी नव्हती, पण त्यांची आतडी मात्र क्षीण झाली आणि द्विशर्करा पचविणारी एंझाइमेही त्यांत घटली. म्हणजे प्राणी उपाशी नसतानाही त्याचे आतडे उपाशी असू शकते. अन्नाचा प्रत्यक्ष स्पर्श, त्यामुळे होणारे पाचक रसांचे स्रवण आणि आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडणारी संप्रेरके यांच्या एकत्रित प्रभावाने अस्तर टिकून राहते. ह्या संप्रेरकांपैकी ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-२ याचा आतड्याच्या वाढीशी असलेला संबंध १९९६ साली ड्रकर व सहकाऱ्यांनी उघडकीस आणला.

आता कार्याकडे वळू. येथे अननुभवी वाचकाचा हमखास गोंधळ उडतो, व काही वेळा अनुभवी संशोधकाचाही. आतडे रोडावले म्हणजे त्याचे शोषणही तेवढ्याच प्रमाणात घटले असेल, अशी आपली सहज अपेक्षा असते. विल्सन व वाइजमन यांनी १९५४ साली आतड्याचा तुकडा मोज्याप्रमाणे उलटा करून त्याची पिशवी बनविण्याची युक्ती काढली, तेव्हापासून आतड्याबाहेरच्या द्रवातून आत किती शर्करा वा अमिनो अम्ल ओढले गेले हे सुलभपणे मोजता येऊ लागले. अशा पद्धतींनी अर्धपोटी व उपाशी उंदरांची आतडी तपासली असता पुष्कळदा असे दिसले की, दर ग्रॅम वजनामागे ग्लुकोजचे व अमिनो अम्लांचे शोषण कमी होण्याऐवजी वाढलेले असते.

हा विरोध खरा नाही. तो भागाकाराचा परिणाम आहे. समजा, पोटभर खाल्लेल्या उंदराच्या आतड्याचे वजन ८ ग्रॅम असून ते ताशी ८ एकके शर्करा शोषते. उपवासानंतर वजन ५ ग्रॅम झाले व एकूण शोषण ६ एककांवर आले. दर ग्रॅमचा हिशेब केला तर शोषण १ वरून १.२ वर गेले, आणि संशोधक “शोषणक्षमता वाढली” असे लिहून मोकळा होतो. प्राण्याच्या दृष्टीने पाहावे तर ८ ची ६ झाली आहेत. छेद कोणता घ्यावा, ऊतकाचे ओले वजन, प्रथिन, पेशींची संख्या की आतड्याची लांबी, ह्यावर निष्कर्षाची दिशा अवलंबून असते. म्हणून उपवासावरील कोणताही निबंध वाचताना प्रथम कोष्टकाच्या डोक्यावरील एकक पाहावे असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. तथापि हा सर्वच प्रकार अंकगणिताचा खेळ आहे, असेही नव्हे. उपवासात पेशींचा प्रवास मंदावल्यामुळे रसांकुरावर वयाने वाढलेल्या, शोषणास सिद्ध अशा पेशींचे प्रमाण वाढते, अशीही एक उपपत्ती मांडली जाते व ती पटण्यासारखी आहे.

एंझाइमांच्या बाबतीतही सरसकट नियम लागू पडत नाही. प्रौढ रॅटला उपाशी ठेवल्यास साखर व माल्टोज फोडणारी सुक्रेज व माल्टेज ही एंझाइमे घटतात. दुग्धशर्करा फोडणारे लॅक्टेज मात्र त्या मानाने टिकून राहते, किंबहुना दर ग्रॅम प्रथिनामागे मोजल्यास ते काही वेळा वाढलेलेही आढळते. पुन्हा आहार सुरू केला की काही दिवसांत रसांकुर पूर्ववत होतात आणि एंझाइमेही सावरतात. प्रौढ प्राण्यात ही झीज भरून येणारी असते.

प्रयोगपद्धतीविषयी येथेच दोन शब्द सांगतो. उपाशी उंदीर स्वतःची विष्ठा खातो व पिंजऱ्यातील भुसाही सोडत नाही; म्हणून अशा प्रयोगांत पिंजऱ्याचा तळ जाळीचा असावा लागतो. शिवाय “एक रात्र उपाशी ठेवले” हे शब्द माणसाच्या संदर्भात जितके सौम्य आहेत तितके माऊसच्या संदर्भात नाहीत. हा निशाचर प्राणी आपले बहुतेक अन्न रात्रीच खातो, आणि त्याच्या इवल्याशा देहाचा चयापचय दर ग्रॅममागे माणसाच्या कितीतरी पट असतो. एका रात्रीत त्याचे वजन दहा टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक घटू शकते. अशा प्राण्याला “सामान्य” गणून तुलनेसाठी वापरणे धोक्याचे आहे.

रिकाम्या आतड्याची हालचाल थांबत असेल असे वाटते, तेही बरोबर नाही. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतील बोल्डिरेव्ह याने विसाव्या शतकाच्या आरंभीच उपाशी कुत्र्यांच्या पचनमार्गात ठरावीक अंतराने उठणाऱ्या हालचालींची नोंद केली होती. शुर्शेव्स्की याने १९६९ साली विद्युत्-आलेखांवरून दाखविले की, ही लाट वरून खाली लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जाते व सुमारे दीड-दोन तासांनी पुन्हा नवी लाट निघते. उरलेसुरले अन्नकण, गळालेल्या पेशी व जंतू पुढे झाडून नेणे हे तिचे काम. आपण पोटात कावळे ओरडू लागले असे म्हणतो, तेव्हा बरेचदा ही झाडलोट चालू असते. अन्न पोटात जाताच तो क्रम मोडतो. गायी-मेंढ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत मात्र चारा खाल्ल्यानंतरही तो चालू राहतो, कारण त्यांच्या आतड्यात अन्न थोडेथोडे व अखंड उतरत असते.

पिलांची गोष्ट निराळी आहे. प्रौढ प्राण्यात उपवासाने तयार यंत्राची झीज होते; नवजात पिलात यंत्रच अजून तयार व्हावयाचे असते. डुकराचे पिलू हे याचे उत्तम उदाहरण. एल्सी विडोसन व सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत आईचे दूध प्यालेल्या व केवळ पाण्यावर ठेवलेल्या पिलांची तुलना केली. दूध प्यालेल्यांच्या आतड्याचे, विशेषतः श्लेष्मल अस्तराचे, वजन एका दिवसात ठळकपणे वाढले होते; पाण्यावरच्या पिलांत तशी वाढ झाली नाही. शिवाय नवजात डुकराच्या अंगात चरबी अगदी नाममात्र, एक-दोन टक्के असते. यकृतातील ग्लायकोजेन संपले की त्याच्या रक्तातील शर्करा घसरते. प्रौढ रॅट आठवड्याहून अधिक काळ उपवास सोसतो. हे पिलू एक-दोन दिवसांतच संकटात सापडते.

ह्याहून महत्त्वाचा मुद्दा रोगप्रतिबंधक प्रथिनांचा आहे. डुक्कर, गाय, म्हैस, मेंढी, घोडी यांच्या वारेतून ही प्रथिने गर्भाला मिळत नाहीत. पिलू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याला शस्त्रे मिळतात ती आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून. आणि तीही केवळ थोडा काळ, कारण जन्मतः आतड्याच्या पेशी मोठमोठे प्रथिनरेणू अखंड गिळून रक्तात सोडू शकतात, पण लवकरच ही दारे मिटतात. डुकरात हा काळ एक ते दीड दिवसाचा असतो. रॅटमध्ये सुमारे तीन आठवड्यांचा. लेसी व मॉर्गन यांनी १९६२ साली एक उद्बोधक गोष्ट दाखविली. डुकराच्या पिलांना अन्न दिले की दारे नेहमीच्या वेळी मिटतात, परंतु उपाशी ठेवलेल्या पिलांत ती तीन-चार दिवस उघडी राहतात. प्रौढाच्या आतड्यातही उपवासाने पेशींची अदलाबदल मंदावते हे आपण पाहिले. पिलात तिचा परिणाम असा होतो की, गर्भावस्थेतील जुन्या पेशी जागा सोडीत नाहीत. कोल्डोव्स्की, सनशाइन व क्रेचमर यांनी १९६६ साली दूध पिणाऱ्या रॅटच्या पिलांत मुळातच पेशींचा प्रवास प्रौढांपेक्षा बराच सावकाश होतो असे दाखविले होते, तेही येथे ध्यानात घ्यावे.

दारे अधिक काळ उघडी राहिली ही उपाशी पिलाच्या दृष्टीने इष्टापत्ती, असे कोणास वाटेल. पण उघड्या दारातून केवळ आईची प्रथिनेच आत येतात असे नाही. गोठ्यातील जंतूही त्याच वाटेवर उभे असतात. आणि वासराच्या बाबतीत तर एवढी सवलतही मिळत नाही. त्याच्या आतड्याची ही क्षमता पहिल्या १२ तासांनंतर झपाट्याने उतरते व उपाशी ठेवले तरी साधारण २४ तासांच्या आसपास संपते. आपल्याकडे गाय-म्हैस व्याली की चिकाचा खरवस होतो व शेजारीपाजारी वाटला जातो. खरवस रुचकर असतो याविषयी दुमत नाही. परंतु वासराला वा रेडकाला पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजल्यावर जो उरेल त्याचाच खरवस व्हावा. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक वासराला अन्न म्हणून उपयोगी पडतो. त्यातील संरक्षक प्रथिने मात्र रक्तापर्यंत पोचत नाहीत. वार पडेपर्यंत वासराला आचळाला लागू न देण्याची चाल काही गोठ्यांत आहे. तिच्यामुळे जाणारे तास नेमके हेच.

पिलाच्या आतड्यातील एंझाइमांचा संचही निराळा असतो. दूध पिणाऱ्या रॅटमध्ये लॅक्टेज भरपूर असते आणि सुक्रेज जवळजवळ नसते. ते तिसऱ्या आठवड्यात प्रकट होते. डोएल व क्रेचमर यांनी १९६४ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन टोचून ते वेळेपूर्वी प्रकट करून दाखविले. पिलाला आईपासून अकाली तोडले तरीही सुक्रेज लवकर वाढते, पण अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यास वाढत नाही. म्हणजे अन्न तुटल्यावर वा बदलल्यावर पिलाच्या आतड्यात जे फरक दिसतात, त्यांपैकी काही अन्नाच्या अभावाचे असतात व काही त्या प्रसंगाच्या ताणामुळे उसळलेल्या संप्रेरकांचे. प्रौढ प्राण्याच्या तयार आतड्यावर त्याच संप्रेरकाचा असा नाट्यमय परिणाम होत नाही.

उपवास हाच ज्यांचा जीवनक्रम आहे अशा प्राण्यांनी ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू दिली आहे. ब्रह्मदेशातील अजगर महिनोन् महिने न खाता राहतो. सेकर व डायमंड यांनी १९९५ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, भक्ष्य गिळल्यानंतर दोन-तीन दिवसांत त्याच्या लहान आतड्याचे वजन दुपटीच्या घरात जाते, पोषकद्रव्ये वाहून नेण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो आणि चयापचयाचा दर ४४ पटींपर्यंत चढू शकतो. पचन संपले की आतडे पुन्हा आवरून ठेवले जाते. अजगराची ही झीज म्हणजे काटकसर होय. रॅटसुद्धा ह्या विद्येत अगदीच अडाणी नाही. दीर्घ उपवासात चरबी संपत येऊन प्रथिनांवर चरितार्थ सुरू झाला की आतड्यातील पेशींचा जन्म पुन्हा वेग घेतो व टोकाच्या पेशींचे गळणे थांबते, असे हॅबोल्ड व सहकाऱ्यांना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिसून आले. अन्न शोधण्याची शेवटची धडपड सुरू होताच शरीर ते अन्न स्वीकारण्याची तयारी करू लागते, असा ह्याचा अर्थ लावण्यात आला आहे.

आतड्याचे कार्य केवळ शोषणाचे नसते. ते पाणी व क्षार बाहेरही सोडते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळासारख्या आपत्तींत उपासमारीने खंगलेल्या माणसांना अतिसार होऊन ती दगावत. त्याचा दोष दूषित पाण्यावर व जंतूंवर ठेवला जाई, आणि तो बव्हंशी योग्यच आहे. परंतु यंग व लेव्हिन यांनी १९९० साली उपाशी ठेवलेल्या रॅटच्या आतड्यांवर केलेल्या प्रयोगांत आढळले की, अशा आतड्यांची द्रव स्रवण्याची प्रवृत्तीच वाढलेली असते आणि उत्तेजन मिळताच ती नेहमीपेक्षा अधिक पाणी सोडतात. पुन्हा अन्न दिलेल्या उंदरांतही हा अतिस्राव १९९२ मध्ये त्यांनी नोंदला. म्हणजे भुकेलेले आतडे एकीकडे एकूण शोषण कमी करते व दुसरीकडे गळू लागते.

असे असता, अतिसार झालेल्या तान्ह्या मुलाला उपाशी ठेवावे, “आतड्याला विश्रांती द्यावी”, ही समजूत घराघरांत व दवाखान्यांतही दीर्घकाळ टिकून होती. चुंग व व्हिश्चोरोव्हा यांनी १९४८ सालीच अतिसार झालेल्या अर्भकांत लवकर अन्न देणे व उपाशी ठेवणे यांची तुलना करून लंघनाचा विशेष लाभ दिसत नाही असे दाखविले होते. पण रूढी निबंधांनी मोडत नाही. सोडियम व ग्लुकोज आतड्यात एकमेकांच्या हाती हात घालून शोषले जातात, ही क्रेन याने १९६० साली मांडलेली कल्पना व्यवहारात उतरली तेव्हा पारडे फिरले. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. अतिसारातही आतड्याची ही शोषणयंत्रणा शाबूत असते, हेच त्या उपचाराचे मर्म. आज जागतिक आरोग्य संघटना अतिसारात अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवण्यास सांगते.

अतिशय कुपोषित मुलाच्या बाबतीत मात्र घाई उलट घातक ठरते. रसांकुर झिजलेले, एंझाइमे उणावलेली, यकृत व मूत्रपिंडे दुबळी, अशा देहावर एकदम पूर्ण आहाराचा भार टाकता येत नाही. म्हणून रुग्णालयात प्रथम १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी व केवळ ०.९ ग्रॅम प्रथिन असलेले पातळ दूध सुरुवातीस दर दोन तासांनी, रात्रीदेखील, थोडेथोडे पाजतात; आणि मूल स्थिरावून त्याला भूक लागू लागली म्हणजे मग हळूहळू १०० किलोकॅलरी व २.९ ग्रॅम प्रथिनांच्या दुधाकडे नेतात. रात्रीची पाळी चुकवावयाची नसते, कारण अशा मुलाला काही तासांचा खंडही पुन्हा उपवासात ढकलतो.